सरकारी वकिलाच्या घरातला खटला: स्कॉट टुरोची ‘प्रिझ्यूम्ड इनोसेंट’

कादंबरीच्या सुरुवातीलाच रस्टी सॅबिच सांगतो, ज्युरीसमोर, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांसमोर, उभं राहिल्यावर तो बोलायला कसा लागतो ते. मी सरकारी वकील, मी राज्याची बाजू मांडतो, पुरावा तुमच्यापुढे ठेवणं हे माझं काम. पाठोपाठ येतो त्याच्या कार्यालयातल्या जॉन व्हाइट या वरिष्ठाने नोकरीच्या पहिल्या दिवशी दिलेला धडा: आरोपीकडे बोट दाखवायचंच. तुझ्यात बोट दाखवायचं धाडस नसेल, तर दोषी ठरवायचं धाडस ज्युरीने कुठून आणायचं?

मी घाटावरच्या एका जिल्हा न्यायालयात बरीच वर्षं अतिरिक्त सरकारी वकील होते. आमच्याकडे बोट साक्षीदार दाखवतो. सरतपासणीत, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची साक्ष घेताना, आम्ही विचारतो, ‘आरोपी आज कोर्टात हजर आहे का?’ साक्षीदार पिंजऱ्याकडे वळतो, हात उचलतो, आणि रोजच्या कोर्टातलाही तो क्षण अंगावर येतो. वकिलाने स्वतः बोट रोखायचं, ही कल्पनाच मला हादरवून गेली. पुढची सगळी कादंबरी ते बोट रोखणाऱ्या माणसावरच उलटते. खुनाच्या खटल्यांवरच्या कादंबऱ्या मी भरपूर वाचल्या आहेत. आमच्या कामाचं ओझं माणूस घरी कसं घेऊन जातो हे इतक्या खरेपणाने लिहिलेली दुसरी मला सापडलेली नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. शेवट सांगणार नाही, निर्धास्त वाचा.

गोष्ट अशी. किंडल काउंटी हा अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतला एक काल्पनिक परगणा. तिथला मुख्य सरकारी वकील रेमंड होर्गन, आणि त्याचा उजवा हात रस्टी. त्यांच्याच कार्यालयातली कॅरोलिन पोल्हिमस ही वकील तिच्या घरात मारली जाते. तपासाची जबाबदारी होर्गन रस्टीवर टाकतो. रस्टीचे आणि कॅरोलिनचे काही महिन्यांपूर्वी संबंध होते, हे होर्गनला ठाऊक नाही. रस्टीची बायको बार्बरा हिला मात्र ते ठाऊक आहे, कारण त्याने स्वतःच तिला सांगितलेलं आहे. घरात आठ वर्षांचा मुलगा आहे, नॅट. त्यातच निवडणूक तोंडावर आलेली. होर्गन हरतो, निको डेला गार्डिया निवडून येतो, आणि निको व त्याचा सहकारी टॉमी मोल्टो मिळून खुनाचा आरोप रस्टीवरच ठेवतात.

निवडणूक म्हटल्यावर आपल्याकडच्या वाचकाला अडखळायला होईल. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील मतं मागून निवडून येतो. त्याच्या खालचे वकील त्याच्या मर्जीवर असतात. आपल्याकडे सत्र न्यायालयातला सरकारी वकील राज्य सरकार नेमतं, त्यासाठी किमान सात वर्षांची वकिली लागते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ खाली आहे. नेमणुकांत आपल्याकडेही राजकारण असतं, पण खुनाचा तपास निवडणुकीच्या आधी संपला पाहिजे, नाहीतर साहेबाची खुर्ची जाते, असा उघड दबाव आमच्यावर नव्हता. हा दबाव लक्षात ठेवून वाचलं, तर पहिल्या शंभर-सव्वाशे पानांतली कार्यालयातली कुजबूज समजते. तरीही ती पानं लांबली आहेत असं माझं मत आहे. कोण कोणाच्या गटातला, कोणी कोणाला कधी दगा दिला याचा इतका तपशील नको होता. तिथे थोडा धीर धरा.

लेखकाला हे जग आतून माहीत आहे, आणि ते पानोपानी कळतं. टुरो स्वतः १९७८ ते १९८६ या काळात शिकागोत केंद्र सरकारच्या बाजूने खटले चालवणारे वकील होते. कुक काउंटीच्या न्यायालयांतली लाचखोरी उघडी पाडणाऱ्या ‘ऑपरेशन ग्रेलॉर्ड’ या प्रकरणातले खटले त्यांनी चालवले. कामावर जाताना लोकलमध्ये बसून ते ही कादंबरी लिहीत असत, आणि १९८७ साली ती प्रसिद्ध झाली. ती त्यांची पहिलीच कादंबरी. कथेत एका जुन्या लाचेच्या प्रकरणाची फाइल येते, ती हळूहळू मोठी होत जाते, आणि न्याय देणाऱ्या माणसाचेही हात किती स्वच्छ आहेत हा प्रश्न उभा राहतो. ज्याने न्यायाधीशांवरचे खटले जवळून पाहिले, त्यालाच हे इतक्या शांतपणे लिहिता येईल.

आता घराबद्दल. माझ्यासाठी या पुस्तकाचं मोल तिथे आहे.

सरकारी वकिलाच्या कुटुंबाला धोका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गुंड येतात. ते खोटं नाही. टोळीच्या एका खटल्यात साक्षी चालू असताना आमच्या घरच्या फोनवर धमकी आली होती. मग काही दिवस एक हवालदार व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे. माझी मुलगी तेव्हा प्राथमिक शाळेत होती. हवालदारकाका तिला शुद्धलेखन घालायचे, माझ्या सासूबाई त्यांना दुपारी ताट वाढायच्या. ती भीती सगळ्यांना दिसत होती, म्हणून सगळे मिळून ती वाटून घेत होतो. वाटून घेता येत नव्हती ती दुसरी गोष्ट: दिवसभर ऐकलेलं. लहान मुलाच्या मृत्यूचा शवविच्छेदन अहवाल दुपारी साक्षीत वाचून घेतलेला असतो, आणि संध्याकाळी आपलं मूल गृहपाठाची वही पुढे करतं. त्या वेळी तोंडातून शब्द फुटत नाही. घरच्यांना वाटतं, हिचं आपल्याकडे लक्ष नाही.

टुरोने धमक्यांपेक्षा ही दुसरी गोष्ट लिहिली आहे. रस्टी दिवसभर माणसांच्या क्रौर्याची क्रमवार मांडणी करतो आणि घरी येऊन नॅटला झोपवतो. त्याचे वडील सर्बियातून आलेले, बेकरी चालवणारे, कोरडे आणि मारकुटे. आपण तसं व्हायचं नाही, हा निर्धार रस्टीच्या पितृत्वाच्या मुळाशी आहे. नॅटवरचं त्याचं प्रेम कादंबरीत कुठेही खोटं वाटत नाही. मुलांच्या संघाचा सामना चालू आहे, नॅटचं चेंडूकडे लक्ष नाही, आणि बाप कुंपणापाशी उभा राहून फक्त त्याच्याकडे पाहतो आहे, असा एक भाग आहे. तपासाच्या धावपळीत अचानक येणारं ते मैदान मला कोर्टातल्या कित्येक प्रसंगांपेक्षा जास्त आवडलं. पुढे खटल्याच्या दिवसांत मुलाला उन्हाळी शिबिराला पाठवतात. आईबाप असा निर्णय का घेतात, हे मला समजावून सांगायला नको.

बार्बरा गणिताची अभ्यासक आहे, तिचा प्रबंध रखडलेला आहे. नवऱ्याने केलेली प्रतारणा तिला ठाऊक आहे, आणि त्याच बाईच्या खुनाच्या आरोपाखाली तो उभा असताना ती रोज कोर्टात येऊन बसते. या दोघांची संभाषणं अर्धवट तुटतात. विषय निघतो, कोणीतरी उठून स्वयंपाकघरात जातं, दार लागतं. आरोप झाल्यावर रस्टी जामिनावर घरीच असतो, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा त्याला दिवसभर घरात राहावं लागतं. खुनाचा आरोप डोक्यावर घेऊन माणूस बायकोसमोर जेवायला बसतो तेव्हा काय बोलतो? टुरो उत्तर देतो: फारसं काहीच नाही. आणि ते न बोलणं वाचताना छातीवर दडपण येतं.

पुराव्याची साखळी जुळवणं हे रस्टीचं कौशल्य. कोण कुठे होतं, किती वाजता, कोणाला फायदा. अनोळखी माणसांच्या आयुष्यावर हे कौशल्य छान चालतं. आपल्या माणसांच्या बाबतीत ते चालत नाही, कारण तिथे आपण त्रयस्थ नसतो. आपल्याला काही गोष्टी दिसायला नकोच असतात. माझ्या पेशातल्या कितीतरी हुशार माणसांचं हे मी पाहिलं आहे: उलटतपासणीत साक्षीदाराच्या डोळ्यांची एक हालचाल न सोडणारा वकील स्वतःच्या मुलाच्या बदललेल्या चेहऱ्याकडे वर्षभर पाहत नाही. ही कादंबरी त्या आंधळेपणाची आहे. खुनी कोण हा प्रश्न शेवटपर्यंत धरून ठेवतोच, पण पुस्तक मिटल्यावर माझ्या मनात राहिलं ते हे घर.

कोर्टातले प्रसंग अव्वल आहेत. रस्टीचा बचाव करणारा सँडी स्टर्न हा अर्जेंटिनातून आलेला वकील. आवाज न चढवणारा, कपड्यांपासून शब्दांपर्यंत नेटका. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची त्याने घेतलेली उलटतपासणी हे प्रकरण तर वकिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावं. एकेक प्रश्न लहान, उत्तर होय किंवा नाही एवढंच येईल असा, आणि कुठे नेतोय याचा साक्षीदाराला पत्ता नाही. मी ती पानं थांबून थांबून वाचली, प्रश्नांचा क्रम वहीत उतरवून काढला. न्यायाधीश लॅरेन लिटल हे पात्रही जबरदस्त: दरारा असलेला, वकिलांना फैलावर घेणारा, आणि ज्याच्याविषयी वाचकाचं मत दोन-तीनदा बदलतं असा.

मग तो पेला. कॅरोलिनच्या घरात सापडलेल्या काचेच्या पेल्यावर रस्टीच्या बोटांचे ठसे आहेत. शिवाय टेलिफोनच्या नोंदी, गालिच्याचे धागे, रक्तगटाचा अहवाल. काळ १९८७ च्या आसपासचा, डीएनए चाचणी न्यायालयात अजून रुळायची होती, त्यामुळे शास्त्रीय पुरावा रक्तगटापाशी थांबतो. आणि नेमका तो पेला खटल्याच्या वेळी सापडत नाही. या ठिकाणी अमेरिकन वाचकाला रहस्य दिसत असेल. मला मुद्देमालाची खोली दिसली. जप्ती पंचनाम्यात नोंद असते, मोहरबंद पुडक्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी असते, मुद्देमाल नोंदवहीत क्रमांक असतो, आणि साक्षीच्या दिवशी कोयता पुढे ठेवायचा म्हटलं की शोधाशोध. एकदा रक्ताने माखलेल्या शर्टाऐवजी दुसऱ्याच गुन्ह्यातली लुंगी पुडक्यातून निघाली होती, आणि बचावाच्या वकिलांनी त्या एका गोष्टीवर तासभर युक्तिवाद केला होता. वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेली, प्रत्येक पायरीवर सही कोणाची, हा आमच्या कामातला सर्वांत रुक्ष भाग. टुरोने त्याच्यावर अख्ख्या खटल्याचा तोल ठेवला आहे, आणि एका ओळीचाही कंटाळा येत नाही.

ज्युरीची पद्धत तरुण वाचकांना परकी वाटेल, पण ती आपल्याकडेही होती. १९५९ सालच्या नानावटी खटल्यात मुंबईत ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, आणि पुढे जन्मठेप झाली. अमेरिकेत ज्युरीसमोरचा वकील न्यायाधीशाशी बोलत असतानाही ज्युरीतल्या बारा चेहऱ्यांशी बोलत असतो, आणि रस्टी हे सारं आता आरोपीच्या जागेवरून पाहतो. तिथे पिंजरा नसतो. आरोपी आपल्या वकिलाशेजारी टेबलाशी बसतो. समोरच्या टेबलाशी कालपर्यंतचे सहकारी. आपण जे करत आलो तेच आपल्यावर केलं जाताना पाहणं किती अपमानाचं असतं, हे त्या बसण्याच्या वर्णनात उतरलं आहे.

आता माझी तक्रार, आणि ती गंभीर आहे. कॅरोलिन या बाईला कादंबरीत न्याय मिळालेला नाही. ती लैंगिक गुन्ह्यांचे खटले चालवणारी, कामात तरबेज वकील. पण ती आपल्याला दिसते ती पुरुषांच्या नजरेतून: देखणी, महत्त्वाकांक्षी, वर चढण्यासाठी माणसं वापरणारी. रस्टी तिच्यात गुंतला होता, तेव्हा त्याचं सांगणं एकतर्फी असणार हे मान्य. तरीही चारशेहून अधिक पानांत तिच्या बाजूने बोलणारं कोणीतरी हवं होतं. मी ज्या काळात काळा कोट घातला, त्या काळात बार रूममध्ये महिला वकिलाने एखादा मोठा खटला जिंकला की ‘कोणामुळे मिळाला’ ही चर्चा आधी व्हायची. रात्रंदिवस बलात्काराच्या केस चालवून ती बाई घरी काय घेऊन जात होती, हे टुरोने विचारायला हवं होतं. रस्टीच्या घरासाठी त्याने जे केलं, ते कॅरोलिनच्या घरासाठी केलं नाही. तिच्या घराचं वर्णन घटनास्थळाच्या पंचनाम्यातच संपतं.

एक अपवाद आहे, आणि त्या प्रकरणासाठी मी लेखकाला बरंचसं माफ करते. वेंडेल नावाच्या एका लहानग्याचं डोकं त्याच्या आईने व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू घट्ट धरणाऱ्या लोखंडी पकडीत, आवळलेलं असतं. तो खटला कॅरोलिन आणि रस्टी मिळून चालवतात. त्या मुलाला बोलतं करताना कॅरोलिनचा जो संयम दिसतो, तिथे ती खरी वकील म्हणून उभी राहते. बालसाक्षीदार मी हाताळले आहेत. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आल्यानंतर मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्यांत वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, दोन्ही बाजूंचे वकील प्रश्न विशेष न्यायालयाकडे देतात आणि न्यायाधीश ते मुलाला विचारतात. आरोपी मुलाच्या नजरेसमोर येणार नाही याची काळजी घेतली जाते. त्याआधी पाच-सहा वर्षांचं मूल त्या उंच खोलीत, काळ्या कोटांच्या गर्दीत उभं असायचं. त्याला आधी नाव विचारायचं, मग शाळेचं, मग बाईंचं, आणि हळूहळू त्या दिवसापाशी न्यायचं. हे प्रकरण वाचून मी पुस्तक त्या रात्रीपुरतं बाजूला ठेवलं.

१९९० साली यावर चित्रपट आला, दिग्दर्शक ॲलन पकुला, रस्टीच्या भूमिकेत हॅरिसन फोर्ड. चांगला आहे, राउल हुलियाचा स्टर्न पाहण्यासारखा आहे. पण कादंबरी रस्टी स्वतः सांगतो, तीही वर्तमानकाळात. तो आपल्यापासून काय लपवतो आहे हा संशय प्रत्येक पानावर असतो, आणि पडद्यावर तो संशय निम्मा होतो. २०२४ मध्ये ॲपल टीव्हीवर आठ भागांची मालिका आली, त्यात जेक जिलेनहाल आहे. मालिकेत कुटुंबाला जास्त जागा दिली आहे, बार्बराला स्वतःचं आयुष्य दिलं आहे, ते मला पटलं. पण शेवट बदलला आहे. माझ्या मते मूळ शेवट अधिक कठोर आणि अधिक प्रामाणिक आहे, आणि तो बदलल्यावर आधीच्या घरातल्या सगळ्या शांततेचा अर्थच बदलतो. मालिका पाहायचीच असेल तर पुस्तकानंतर पाहा.

इंग्रजी सोपं नाही. वाक्यं लांब आहेत, मानसिक घालमेलीची वर्णनं दाट आहेत, आणि कोर्टाच्या शब्दांचा अर्थ टुरो थांबून सांगत नाही. विमानतळावर घेऊन प्रवासात संपवायचं हे पुस्तक नव्हे. रोज रात्री तीस-चाळीस पानं, असं वाचा. विधी महाविद्यालयातल्या मुलांना मी आवर्जून सांगते. वकिलांच्या, पोलिसांच्या, डॉक्टरांच्या घरच्यांनाही सांगेन. माझ्या मुलीने ती वाचली, आणि मग पहिल्यांदा मला विचारलं की त्या धमकीच्या दिवसांत मी रात्री स्वयंपाकघरात दिवा न लावता का बसायचे. आम्ही दोघी बराच वेळ बोललो.

टुरोने २०१० मध्ये ‘इनोसेंट’ हा पुढचा भाग लिहिला, त्यात रस्टी साठीचा आहे आणि नॅट मोठा झाला आहे. तोही वाचनीय आहे. पण पहिला भाग संपेपर्यंत दुसऱ्याच्या पाठीवरचा मजकूरसुद्धा वाचू नका, आणि दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतील तर विक्रेत्याला आधी १९८७ चंच द्यायला सांगा. त्या मागच्या मजकुरात कोण जिवंत आहे, कोण कुठल्या पदावर आहे हे पहिल्या दोन ओळींतच कळतं, आणि मग पहिल्या कादंबरीतला खटला वाचताना धाकधूक उरत नाही.